बाप सांगंल ते वय

माझं खरं वय मला माहीत नाही. कागदावर मी एक जूनला जन्मलो, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरंही एक जूनलाच जन्मली. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला टेकली. "सहा पुरी झाली," मास्तर म्हणाले, "बरोबर ना हो?" माझा बाप, आम्ही त्याला दादा म्हणायचो, टोपी काढून म्हणाला, "तुमी म्हणता तर झाली आसतील." झालं माझं वय. चौथीपर्यंत शिकलो. पुढं दुष्काळ पडला, खडी फोडायची सरकारी कामं निघाली, आणि मुकादमानं मस्टर उघडून विचारलं, "ह्याचं वय?" तर दादा म्हणाला, "अठरा." मला तेव्हा चौदावं असेल. मुकादमानं माझ्या तोंडाकडं बघितलं, वरच्या ओठाकडं बघितलं, तिथं काहीच नव्हतं. "बाप सांगंल ते वय," असं म्हणून त्यानं लिहून टाकलं. त्याचाही दोष नव्हता. घरात खाणारी तोंडं किती आणि फोडणारे हात किती, एवढंच तेव्हा बघायचं होतं. शाळेला वय कमी लागलं तर कमी सांगायचं, कामाला जास्त लागलं तर जास्त. एस.टी.त अर्धं तिकीट काढायचं असलं की मी परत नऊ वर्षांचा व्हायचो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याची मुळी इथंच आहे.

आमची वस्ती काष्टीपासून पायी तासाभराची. चार घरं, त्यातली दोन एकमेकांना पाठ लावून: एक आमचं, एक ज्ञानूतात्यांचं. मधली भिंत एकच. त्यांच्याकडं भाकरी थापली की आमच्या फळीवरची भांडी हलायची. अंगण एक, लिंबाचं झाड एक, भांडणही एकच असायचं आणि ते दिवाळीला मिटायचं. दुष्काळात दोन्ही घरची जनावरं छावणीवर गेली होती. गोठा रिकामा, मेखा उघड्या, दावी खुंटीवर गुंडाळून ठेवलेली. रोज पहाटे ज्या घंटांच्या आवाजानं जाग यायची त्या गेल्या, आणि त्या जागी आला खडीचा आवाज. दिवसभर शेकडो हातोड्या. घरी आलं तरी कानात ठकठक चालू राहायची. खायला रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकली की घरभर कुबट वास सुटायचा, आणि गार झाली की ढेकळासारखी. आई तिच्यासंगं हुलग्याचं माडगं करायची, तेवढं गरम गरम प्यायलं की भाकरी खाली उतरायची. कामावर दुपारी सुकडी मिळायची, भरडलेल्या धान्याची गोड भुकटी. मी माझी मूठ तोंडात कोंबून मोकळा व्हायचो. ज्ञानूतात्यांची हौसा आईबापाबरोबर कामावर पाणी वाटायला यायची, ती मात्र आपली सुकडी फडक्यात बांधून चिमूट चिमूट संध्याकाळपर्यंत पुरवायची. मी मागितली की म्हणायची, "तुझं प्वाट हाय का रांजण?" आणि तरी एक चिमूट द्यायची. शिस्तीत, मोजून, एकच.

ती सवय तिची शेवटपर्यंत राहिली. साखरेचा डबा आमच्या घरी कधी रिकामा झाला नाही. ती गेल्यापासून तीनदा झालाय.

बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी. आदल्या दिवशी मजुरी वाटलेली असायची, त्यामुळं एवढ्या दुष्काळातही काष्टीचा बाजार माणसांनी फुलायचा. नुसतं फिरायचं, बघायचं, भज्यांचा वास घ्यायचा. आणि त्या सुमाराला बाजारतळाच्या कडेला सिनेमाचा तंबू आला. तंबूवाल्याला पैसा कुठं खुळखुळतो त्याचा वास बरोबर येतो. दुपारपासून कर्ण्यावर गाणी लागायची, ती वाऱ्यावर पार आमच्या वस्तीपर्यंत यायची, आणि दिवे लागायच्या वेळेला इंजनाची घरघर सुरू झाली की पाय आपोआप तिकडं वळायचे. तंबूच्या मालकाला दारावर एक दांडगा माणूस पाहिजे होता. दादा सहा फुटी, आवाज असा की शेजारच्या शिवारातला बैल उभा राहावा. त्याला बाजारच्या दिवसापुरतं काम मिळालं. दोन आठवडे दादा असा चालायचा जसा काही तंबू त्याच्याच बापाचा.

तिसऱ्या आठवड्याला डाकूंचा पिच्चर आला. दाराजवळ पत्र्याची पाटी टांगली होती, लाल अक्षरात: फक्त प्रौढांसाठी. मालकानं दादाला बाजूला घेऊन सांगितलेलं मी स्वतः ऐकलं. तो म्हणाला, "हे बघ, ह्या खेळाला पोरं सोडायची न्हाईत. मारामारी लई हाय, रगत हाय. अठराच्या खालचं कुणी दिसलं तर पोलीस मला धरतील." दादा म्हणाला, "मालक, तुमी निवांत ऱ्हावा. दारात मी हाय."

दारात दादा होता, आणि गर्दी अशी की बांबू वाकले. पोरं घरी ठेवून कोण येणार? पोरं खांद्यावर, पोरं काखेत, पोरं धोतराला धरून. पहिलाच गडी आला तो आमच्याच कामावरचा, खांद्यावर चार वर्षांचं नागडं पोर. दादानं हात आडवा घातला.

"ह्याचं वय किती रं?"

"अठरा," गडी म्हणाला.

"चड्डी घालायला कवा शिकणार मंग?"

"लगीन झाल्यावर!"

सगळी रांग खदाखदा हसली. दादाही हसला, आणि हात खाली घेतला. "बाप म्हणतो अठरा, तर अठरा. मी कोण बापाच्या तोंडावर न्हाई म्हणणारा?" त्याच्यानंतर तोच खेळ सुरू झाला. प्रत्येक बाप जवळ आला की मोठ्यानं "अठरा!" ओरडायचा आणि लोक हसायचे. एकानं तर पाळण्यातलं पोर वर धरून "एकोणीस!" सांगितलं. मी आणि माझा दोस्त म्हादू मागं उभे होतो. आमच्यासंगं कुणी मोठं नव्हतं. म्हादू म्हणाला, "तुझा बाप हाय की, चल." मी पुढं झालो. दादानं मला बघितलं. एक क्षण त्याच्या तोंडावरचं हसू थांबलं, एवढं मला पक्कं आठवतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आता बघू काय करतोय दारवाला!" आणि दादानं छाती काढून विचारलं, "काय रं, वय किती?"

"अठरा."

"आन बाप कुठं हाय तुझा?"

"दारात हुबा हाय!"

असा हशा पिकला की तंबूच्या आतली माणसं वळून बघायला लागली. दादानं माझ्या पाठीत एक थाप घातली आणि मला आत ढकललं. म्हादूला विचारलंही नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात बापाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पिच्चर काय होता ते सगळं सांगत बसत नाही. घोडे, बंदुका, जळणारी घरं. आम्ही पोरं अगदी पुढं, मातीत, मान वर करून. एक प्रसंग असा होता की डाकूंचा सरदार एका गावकऱ्याला झाडाला बांधतो, त्याच्या डोक्यावर पाण्यानं भरलेलं मडकं ठेवतो आणि लांबून गोळी घालतो. मडकं फुटतं. सगळं पाणी त्या माणसाच्या तोंडावरून गळतं. सरदार दुसरं मडकं ठेवायला लावतो आणि ह्या बारीला तिकडं न बघता, तोंड आपल्या गड्यांकडं करून, हसत हसत गोळी घालतो. तेही फुटतं. तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला. माझ्या मागं एक म्हातारा बसला होता, तो हळहळून म्हणाला, "येवढं पाणी वाया घालवलं लेकाच्यांनी." बांधलेल्या माणसाबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही त्याच्याकडं बघितलं नव्हतं. मी बघत होतो सरदाराकडं, त्याच्या मानेकडं. मान कशी वळवली, दात कसे काढले.

माझा नातू आता मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळतो. अकरा वर्षांचा आहे. सुरुवातीला त्या खेळात लिहून येतं की वय अठरा पाहिजे, आणि जन्मसाल विचारतं. माझ्या पोरानं, त्याच्या बापानं, स्वतःचं साल टाकून दिलं. मी विचारलं तर म्हणतो, "अण्णा, सगळीच पोरं खेळतात. आमचंबी डोकं जरा शांत राहतं." नातू मला समजावतो, "आजोबा, ह्यात कुणी मरत नाही, लगेच परत उठतो." मी त्याचा खेळ बघत नाही, त्याची मान बघतो. पिच्चर वाईट असं मी कधीच म्हटलं नाही. त्यानंतरही मी पुष्कळ पिच्चर बघितले. मी पोराला एवढंच म्हणालो, "दारात तू हुबा हायेस." त्याला ते कळलं नाही. त्याला ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. आईचा डोळा लहानपणी देवीत गेला, एवढंच त्याला माहीत. म्हणून तर लिहायला बसलो.

आठवडाभर आम्ही तोच खेळ खेळलो. कामावर दुपारची सुट्टी झाली की कुणी घोडा, कुणी डाकू. पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी मोठी माणसं काष्टीला गेली. वस्तीवर घरात एक म्हातारी नि एक बाळंतीण, आणि बाहेर आम्ही चार पोरं, आणि हौसा. ती लिंबाखाली भातुकली मांडून बसली होती. कुणाच्या तरी लग्नातली दोन बोळकी तिच्याजवळ होती, चुन्याचे पट्टे ओढलेली. माझ्याकडं गोफण होती. दर साली मी माळ्यावर उभा राहून ज्वारी राखायचो आणि कणसावरचं पाखरू उठवायचं तर कणसाला धक्का लागायचा नाही, असा माझा नेम. त्या साली ज्वारीच नव्हती. पाखरंही कुठं कुठं निघून गेली होती. गोफण नुसती खुंटीला.

पोरांतलं कुणी बांधून घ्यायला तयार होईना. सगळ्यांनाच डाकू व्हायचं होतं. मग मी म्हणालो, "हौशे, तू ये. तुझी बोळकीबी घिऊन ये."

"काय करायचं हाय?"

"तुला बांधायचं. आमी बोळकं फोडायचं. मंग तुला सोडवायचं."

तिनं पिच्चर बघितलेला नव्हता. पोरींना कोण नेतो? ती म्हणाली, "लागत न्हाई ना?"

"पिच्चरमदी त्या माणसाला लागलं न्हाई."

"मंग माझं बोळकं भरून दिशील?"

"कुंभाराकडनं आणून दीन, नवं."

तेवढ्यावर ती उठली. झगा झटकला, आणि शहाण्यासारखी लिंबाला पाठ लावून उभी राहिली. म्हादूनं बैलाचं दावं आणलं. मी तिचे हात मागं घेऊन बांधले, पिच्चरमधल्यासारखे. बोळकं डोक्यावर ठेवलं. मी वीस पावलं मागं गेलो, गोफण फिरवली, पहिलाच दगड बोळक्यावर बसला. खापऱ्या तिच्या केसांत अडकल्या आणि ती हसली. खरंच हसली, दातांत फट होती ती दिसेपर्यंत. पोरांनी शिट्ट्या घातल्या. म्हादू पळत जाऊन दुसरं बोळकं घेऊन आला. इथं थांबलो असतो तर पुढचं काहीच लिहायला लागलं नसतं. पण सरदारानं दुसरं मडकं न बघता फोडलं होतं.

मी मान वळवली, पोरांकडं तोंड केलं आणि हसत हसत गोफण सोडली.

आवाज झाला नाही. बोळकं फुटल्याचा आवाज ऐकायला मी थांबलो होतो, तो आलाच नाही. पोरांची तोंडं बघितली आणि मग वळलो. बोळकं तिच्या पायाजवळ पडलं होतं, सबंध. ती ओरडली नव्हती. नुसती मान हलवत होती, माशी बसल्यावर बैल हलवतो तशी, कारण हात बांधलेले होते. उजव्या डोळ्यावर तिला हात ठेवता येत नव्हता. पोरं पळाली. म्हादूही पळाला. मी दाव्याची गाठ सोडायला लागलो, ती सुटेना, ती माझीच मारलेली होती. घरात जाऊन खुरपं आणलं आणि कापलं. जेवढा वेळ मला लागला तेवढा वेळ ती तिथं तशी उभी होती आणि म्हणत होती, "किसना, माझा हात सोड. किसना, माझा हात सोड." हे पन्नास वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. ती कुणाला सांगत होती का, माहीत नाही. मला तिनं कधी आठवण करून दिली नाही.

बाजारहून माणसं आली ती ऊन उतरल्यावर. तोवर वस्तीवरच्या एका म्हातारीनं हळद लावली, एका बाळंतिणीचं दूध डोळ्यात पिळलं, फडकं बांधलं. गाडी जुंपावी तर बैल छावणीवर. खडीचा एक ट्रक थांबवून आधी श्रीगोंद्याला, तिथून दुसऱ्या दिवशी नगरला सरकारी दवाखान्यात नेलं. मला दादानं बरोबर घेतलं, का ते सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा काढावा लागेल, नाहीतर त्याच्यापायी दुसराही जाईल. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मुलीचं वय?" तिची आई, सखूकाकू, दाराला धरून उभी होती, ती हंबरडा फोडून बोलली, "दहावं अजून लागलं न्हाई वो! आखितीची हाय ती. ह्या आखितीला दहावं लागंल." आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर होती. त्या दवाखान्यात, त्या दिवशी, आमच्या माणसांपैकी कुणीतरी पहिल्यांदा पोराचं खरं वय सांगितलं.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आणि तुम्ही लोक कुठं होता?"

परत आल्यावर मारुतीच्या पारावर माणसं जमली. मी दादाच्या मागं उभा. कुणी म्हणालं तंबू उठवा, पोरं बिघडली. कुणी म्हणालं पोरीनं कशाला पोरांत जावं. एक जण तर म्हणाला, ग्रहच तसे होते. ज्ञानूतात्या तसा मऊ माणूस, कुणाला उलटून बोलायचा नाही. तो एकटाच खाली बसला होता. त्यानं मान वर केली.

"दारात कोन हुतं?" त्यानं दादाला विचारलं.

"मी हुतो."

"मालकानं तुला सांगितलं हुतं न्हव, पोरं सोडू नगं म्हणून?"

"सांगितलं हुतं. पर ज्ञानू, ज्याचा त्याचा बाप म्हणत हुता अठरा. बापाच्या तोंडावर मी कसं..."

"किसनाचा बाप कोन?"

ज्या माणसाचा आवाज शिवार ओलांडून जायचा, त्याला पारावर एक शब्द फुटेना. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच प्रश्नावर सगळा तंबू हसला होता. आता कुणी हसलं नाही. मग दादानं डोक्यावरची टोपी काढली आणि ज्ञानूतात्याच्या पायापाशी ठेवली. "पोरगी माझी सून. आज पाच माणसांत सांगतो. एका डोळ्याची म्हणून तिला कुणी नाकारणार न्हाई, कारण तिला कुणाच्या दारात जायचंच न्हाई. मी मेलो तरी माझं पोरगं हा शबुद पाळंल." आणि मागं न बघता मला म्हणाला, "पाळशील का रं?" मी हो म्हणालो. मला दुसरं काय म्हणता येणार होतं? पाच माणसांनी दादाची तारीफ केली. ज्ञानूतात्यानं टोपी उचलून परत दादाच्या डोक्यावर ठेवली. आई मात्र घरी आल्यावर चुलीपुढं बसून म्हणाली, "मोटं काम करून आलात. पोरीला विचारलं का, तिला ह्याचं त्वांड बघत जन्म काढायचा हाय का म्हणून?" दादा म्हणाला, "दहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?" आई म्हणाली, "चौदा वर्षांच्याला पिच्चर दावताना तर लई मोटा वाटला हुता." दादा उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला. मला त्यानं कधीच मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळ वेळा वाटलं. तंबूचं काम त्यानं सोडलं, आणि मरेपर्यंत पिच्चर बघितला नाही.

हौसाची शाळा सुटली. पोरं 'काणी' म्हणायची. पाच-सहा वर्षांनी आमचं लग्न झालं. लग्नाच्या वेळी दादानं नोंदीसाठी तिचं वय सांगितलं, अठराच्या वरचं, आणि तेच पुढं रेशनकार्डावर, मतदारयादीवर, आधारावर गेलं. तिनं माझ्यासंगं संसार केला तो भीक म्हणून नाही आणि सूड म्हणूनही नाही. जेवायला वाढताना, गाडीत बसताना ती कायम मला आपल्या डाव्या बाजूला घ्यायची, तिकडचा डोळा चांगला म्हणून. मला वाटायचं, नजर ठेवते. चाळीस वर्षांनी एकदा धीर करून विचारलं, "तुला माझा राग येत न्हाई का?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सुरवातीला लई यायचा. मंग पोरं झाली, येळच गावला न्हाई." आणि तांदळातून खडा काढून, "पर तुमच्या दादानं मला एकदा इचारायला पायजे हुतं. मी हो म्हणले आसते का न्हाई, ते आता मलाबी कधी कळायचं न्हाई."

एका दुपारी टीव्हीवर तो पिच्चर लागला. जुनाट, रंग उडालेला. मी ओळखला आणि बंद करायला उठलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." खाटेवर माझ्या उजव्या बाजूला बसली होती. झाड आलं, बांधलेला माणूस आला, मडकं आलं. पहिली गोळी. मडकं फुटलं, पाणी गळलं. दुसरं मडकं. सरदारानं मान वळवली, हसला, गोळी घातली. ते इतक्या लवकर झालं की मला वाटलं मधलं काही कापलंय. ती पुढं वाकून बघत होती. मग मागं सरकून बसली.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो. ती चहा ठेवायला उठली.

गेल्या साली थंडीत ती गेली. छातीत कफ झाला, चार दिवसांत खेळ संपला. तिसऱ्या दिवशी मी पंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेलो. ग्रामसेवक तरणा पोरगा, शांत. त्यानं विचारलं, "बाबा, वय काय लिहू?" मी खुर्चीत बसलो आणि बोटांवर मोजायला लागलो. ज्या दिवशी माझा दगड लागला त्या दिवशी तिला दहावं लागायला नऊ दिवस कमी होते. तेवढं एकच वय मला माहीत होतं, तिच्या आईनं रडत सांगितलेलं. तिथून मी आखित्या मोजत आलो. दुष्काळ सरला ती आखिती, आमच्या लग्नाआधीची, थोरला पोटात होता ती, दादा गेला त्या सालची, विहिरीला पाणी लागलं ती, नातू झाला ती. पोरगा थांबला. घाई केली नाही.

"एकसष्ट," मी म्हणालो.

त्यानं आधार बघितलं. "बाबा, इथं तर सहासष्ट हाय. मला हेच लिवावं लागतंय."

"ते तिच्या सासऱ्यानं सांगितल्यालं हाय."

"मग बरोबरच आसंल की."

मी सही केली. घरी येऊन तिचा फोटो उतरवला, पाठीमागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं: हौसा, वय एकसष्ट. माझं अक्षर चौथीतलं आहे, वाकडं. फोटो परत खिळ्याला लावला. नातू तिथंच मोबाईल घेऊन बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "आजोबा, आजीच्या मागं काय लिहिलं?"

मी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला, त्याला शेजारी बसवला, माझ्या डाव्या बाजूला, आणि सांगायला लागलो.